शिक्रा नव्हे, कापशी



आधी एक दुरुस्ती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी इथं लिहिलं होतं की आमच्या गव्हावर शिक्रा आलाय. सोबत फोटोही टाकला होता. त्यात नुसतं आभाळ आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी 'छान' म्हटलं. एका कृषी अधिकारी मित्रानं मात्र फोन करून एवढंच विचारलं, "शिक्रा हवेत एका जागी थांबतो का हो?"

मला उत्तर देता आलं नाही.

तो शिक्रा नव्हता. ती कापशी होती. गहू आता काढून पोत्यात भरलाय, हाताला थोडी सवड आहे, म्हणून ती नोंद दुरुस्त करतो आणि मधल्या दोन महिन्यांत काय काय झालं तेही सांगतो. कारण त्या पक्ष्याची ओळख पटली नसती, तर मी त्याच संध्याकाळी रानात औषध टाकलं असतं.

आमचं रान सोलापूर जिल्ह्यात, काळी भारी जमीन. यंदा दोन एकर गहू आणि त्याला लागून दीड एकर हरभरा. पेरा नोव्हेंबरच्या मध्यात. जानेवारीत गहू पोटरीत आला आणि उंदरांनी तोंड घातलं. बांधावरून बघितलं तर सगळं हिरवंगार, काही कळत नाही. आत दहा-बारा पावलं गेलं की ताटं आडवी पडलेली. बुडापासून चार बोटं वर तिरकी काप, विळ्यानं छाटल्यासारखी. खोडकिडीनं वाळलेलं ताट जागेवर उभं राहतं, उंदरानं कापलेलं आडवं होतं, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत ताज्या मातीचा ढीग.

दिसलं बीळ म्हणजे उंदीर असं नसतं, हे माहीत होतं. म्हणून ९ तारखेला संध्याकाळी मी आणि पोरगा दोघांनी मिळून रानातली नि बांधावरची सगळी बिळं मातीनं बुजवली. एकूण ६४ भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, २९ उघडी. म्हणजे नांदती बिळं २९. दोन एकरांत हा आकडा थोडा नाही. ओंबी भरायला लागली की उंदीर नुसता खात नाही, तोडून बिळात साठवतो. त्यात आम्ही पुढच्या पाण्याचा आणि खताचा खर्च आधीच करून बसलेलो.

दुपारी तालुक्याला गेलो. दुकानदारानं दोन्ही दिलं, झिंक फॉस्फाईडची पुडी आणि ब्रोमाडिओलोनच्या वड्या. पिशवी गाडीला अडकवून परत रानात आलो तेव्हा साडेपाच वाजले होते. ऊन तिरकं झालेलं. गाडी बांधावर लावली आणि वर बघितलं.

गव्हाच्या वर, साधारण नारळाच्या झाडाएवढ्या उंचीवर, काहीतरी पांढरं थांबलं होतं. पहिल्यांदा वाटलं, कुणाच्या तरी मल्चिंग पेपरचा तुकडा वाऱ्यानं वर गेलाय. पण वाऱ्यावर गेलेला कागद पुढं सरकतो. हे जागचं हलत नव्हतं. मग पंख दिसले, भराभर हलणारे. मान खाली वाकवलेली. अंगाला कुणीतरी वरून दोरी बांधून टांगलंय असं ते पाखरू जागच्या जागी थांबलेलं.

मग ते एक टप्पा खाली आलं आणि पुन्हा थांबलं. पंख वर उचलून जोडलेले, पाय खाली सोडलेले. आणखी एक टप्पा. मग सरळ गव्हात. दोन-तीन श्वास काही दिसलं नाही. वर आलं तेव्हा पाय मोकळे होते, नेम चुकला. पुन्हा जरा पुढं जाऊन तोच खेळ. दुसऱ्या वेळी मात्र पायात काहीतरी लोंबत होतं आणि त्याला शेपूट होतं.

मी तिथंच उभा. हातात औषधाची पिशवी.

ते पाखरू उंदीर घेऊन मोटारीच्या खांबावर बसलं. मी वाकून बांधाच्या आडोशानं जमेल तेवढा जवळ गेलो. कावळ्याएवढं, पण अंगानं बारीक. पाठ राखी, पोट पांढरंशुभ्र, आणि डोळा लालभडक. त्या डोळ्यानं माझ्याकडं असं काही बघितलं की रान माझं आहे की त्याचं, असा प्रश्न पडावा. फोन काढून फोटो मारला तोवर उडालं. तोच तो तांदळाचा दाणा.

घरी येऊन मोबाईलवर शोधलं. राखी पाठ, लाल डोळा, उंदीर मारणारा लहान शिकारी पक्षी. शिक्रा निघाला. शिक्र्याच्या नराचीही पाठ राखी आणि डोळा लाल असतो, त्यामुळं चित्र जुळलं. मी खुशीत लिहून टाकलं. चूक इथंच झाली. जेवढं जुळलं तेवढंच मी धरलं, जे जुळत नव्हतं ते सोडून दिलं.

मित्राच्या त्या प्रश्नानंतर मी पुन्हा नीट बघायला लागलो. त्यानं मला सांगितलं की रंग शेवटी बघायचा. आधी बघायचं कुठं बसतो, कसा उडतो आणि शेपटी कशी आहे. आपण पिकावरच्या किडीलाही असंच करतो की. अळी हिरवी म्हणून घाटे अळी होत नाही, ती कुठं आहे आणि काय खातेय ते आधी बघतो. पाखराच्या बाबतीत मात्र रंग बघून मोकळे होतो.

तीन दिवस सकाळी सात ते नऊ मी बांधावर बसलो. बायको म्हणाली, "राखण करताय का दर्शन घेताय?" दोन्ही, म्हटलं.

शिक्रा झाडीतला. दाट फांदीत लपून बसतो, सरड्यावर नाहीतर चिमणीवर अचानक झडप घालतो. उडताना चार-पाच वेळा पंख मारतो, मग तरंगतो. पंख आखूड नि गोल, शेपटी लांब आणि तिच्यावर आडवे पट्टे. छातीवरही बारीक तांबूस रेघा. आमच्या पाखराला यातलं काही नव्हतं. ते उघड्यावर, तारेवर नाहीतर खांबाच्या टोकावर बसायचं. शेपटी आखूड, पांढरी, पट्टा एकही नाही. आणि बसल्यावर ती शेपटी हळूच वर उचलायचं, खाली सोडायचं, पुन्हा वर. खांद्यावर मात्र कोळशानं फासल्यासारखा काळा डाग. उडताना पंखाच्या खालच्या बाजूला टोकाकडं काळं दिसायचं.

चौथ्या दिवशी बांधाकडेनं एक धनगर मेंढरं घेऊन चालले होते. दरवर्षी या दिवसांत ते आमच्या भागात असतात. मी तारेकडं बोट केलं.

"मामा, ते काय बसलंय ओ?"

त्यांनी वर नीट बघितलंही नाही. "कापशी हाय की. तुमच्याच बाभळीवर ऱ्हाती. ठावं न्हाई व्हय?"

"कापशी?"

"कापसागत धवळी, म्हणून कापशी. मेंढरं वावरातनं निघाली की टोळ उठत्यात, उंदरं पळत्यात, मग ही येती मागनं. पर मोठ्या घारीवानी कोंबडीच्या पिल्लाला हात लावत न्हाई."

झालं. तीन रात्री मोबाईल चाळून जे मिळालं नाही, ते मेंढरं हाकता हाकता मिळालं. पुढं तालुक्याच्या वाचनालयात जाऊन मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश काढला. चितमपल्ली मूळचे आपल्या सोलापूरचे. नाव तेच, कापशी. इंग्रजीत ब्लॅक-विंग्ड काइट, जुन्या पुस्तकांत ब्लॅक-शोल्डर्ड काइट. शास्त्रीय नाव एलॅनस सेरूलियस. धनगर मामांचं आणि पुस्तकाचं एकमत झालं, मग माझा वाद कुणाशी?

पण मामांच्या बोलण्यातला दुसरा शब्द माझ्या डोक्यात राहिला होता. 'तुमच्याच बाभळीवर'.

आमच्या पूर्वेच्या बांधावर दोन बाभळी आहेत. वडिलांच्या वेळच्या. त्यांच्या सावलीत चार ओळी गहू धड येत नाही, नांगराला मुळ्या लागतात. म्हणून डिसेंबरातच त्या मी एका लाकूडवाल्याला सात हजारांना देऊन टाकल्या होत्या. दोन हजार उचल घेतलेली, ती खतात गेलेली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो तोडायला येणार होता.

बाभळीखाली गेलो. शेंड्याजवळ काटक्यांचं घरटं, कावळ्याचंच वाटावं असं, पण त्याहून विरळ. कडेला पांढरी शेपटी बाहेर आलेली. म्हणजे एक बसून होती आणि दुसरी शिकार आणत होती. कापशीचे नर-मादी दिसायला सारखेच, रंगावरून ओळखू येत नाहीत. कोण काय काम करतंय त्यावरून अंदाज बांधायचा. अंड्यांवर बहुतेक वेळ मादी बसते, नर तिला आणून देतो. एकदा तर मी बघितलं, नर शिकार घेऊन आला, बारीक शीळ घातली, मादी घरट्यातून उठून हवेतच त्याच्या पायातनं उंदीर घेऊन गेली. टाळी वाजवायचाच राहिलो.

ज्या खांबावर नर बसायचा त्याच्या बुडाशी करड्या रंगाच्या गोळ्या पडलेल्या सापडल्या, करंगळीच्या पेराएवढ्या. शिकारी पक्षी न पचलेलं असं तोंडावाटे बाहेर टाकतात. एक गोळी पाण्यात भिजवून काडीनं उकलली. नुसते केस, थोडी हाडांची चुरी आणि एक पिवळट-नारिंगी वाकडा दात. उंदराचा दात ज्यानं एकदा बघितलाय त्याला सांगायला नको. पोरानं तो दात काडेपेटीत घालून शाळेत नेला.

आता औषधाचं.

मागच्या साली मी वड्या टाकल्या होत्या. उंदीर कमी झाले, ते खरं. पण तिसऱ्या आठवड्यात कडब्याच्या गंजीजवळ गव्हाणी घुबड मरून पडलेलं दिसलं. अंगावर जखम नाही. ते जुन्या गोठ्याच्या माळ्यावर राहायचं, रात्री त्याचा घोरल्यासारखा आवाज यायचा. आई म्हणायची, असू दे, उंदीर खातंय. ते वड्यांनीच मेलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, तपासणी कुणी केली? पण त्यानंतर माळ्यावर आवाज आला नाही आणि यंदा २९ बिळं निघाली. या दोन गोष्टी मी जोडतोय असं नाही. पण मनातून जातही नाहीत.

ब्रोमाडिओलोन कसं काम करतं ते समजून घ्या. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस जगतो, सुस्त होतो, दिवसाढवळ्या उघड्यावर येतो. घुबडाला, कापशीला असा डुलणारा उंदीर म्हणजे आयतं ताट. आणि विष त्याच्या काळजात साठलेलं असतं, ते खाणाऱ्याच्या अंगात जातं. झिंक फॉस्फाईडचं वेगळं. ते पोटात गेलं की विषारी वायू तयार होतो आणि उंदीर बहुतेक रात्रीतच मरतो. मांसात ते तसं साठून राहत नाही, पण मेलेल्या उंदराच्या पोटात न पचलेलं आमिष असतं, ते कुत्र्या-मांजरानं खाल्लं तर संपलं. आणि आमिषाचा भरडा उघड्यावर सांडला तर मोर, तित्तर, होले सरळ दाणे टिपतात आणि मरतात. म्हणजे दोन्ही विषंच, पण मारायची वाट वेगळी.

मी वड्या दुकानदाराला परत केल्या. तो म्हणाला, "पाखरासाठी गहू सोडताय का?" घरात बायकोनंही तेच विचारलं, जरा कमी गोड शब्दांत. तिचं चुकत नव्हतं. कापशीची एक जोडी २९ बिळांचा बंदोबस्त करेल असं समजणं म्हणजे खुळेपणा. म्हणून मी नुसतं वर बघत बसलो नाही. काय केलं ते क्रमानं सांगतो.

पहिलं, बांधावरचं गवत आणि दगडांचे ढीग साफ केले. उंदराचं मूळ घर तिथं असतं. आणि गवत गेलं की वरून उंदीर दिसतो.

दुसरं, पाणी देताना बिळांत पाणी सोडलं. दोघं काठ्या घेऊन उभे, शेजाऱ्याचं कुत्रं मदतीला. तीन पाळ्या असं केलं. शेजाऱ्यालाही त्याच्या बाजूनं करायला लावलं, नाहीतर आपले पाहुणे त्याच्याकडं आणि त्याचे आपल्याकडं.

तिसरं, चापाचे डझनभर सापळे आणले. शेंगदाणा आणि शिळी भजी लावायची, संध्याकाळी बिळाच्या वाटेवर ठेवायचे आणि सकाळी उजाडायच्या आत उचलायचे. दिवसा ठेवले तर साळुंकी नाहीतर खुद्द कापशीच अडकायची.

चौथं, पक्षी थांबे. हरभऱ्यात घाटे अळीसाठी आपण एकरी वीस थांबे लावतो. त्यावर कोतवाल, साळुंकी, वेडा राघू बसतात. पण ते असतात पिकापेक्षा हात-दीड हात उंच. कापशीला उंचावरून बघायची सवय. म्हणून दहा फुटी बांबूला आडवी काठी बांधून सहा थांबे गव्हाच्या कडेनं आणि मधे उभे केले. पहिले पाच दिवस त्यावर कोतवाल सोडून कुणी बसलं नाही. बायको रोज विचारायची, "आले का पाहुणे?" सहाव्या दिवशी संध्याकाळी कापशी बसली. सूर्य बुडाल्यावरही ती थोडा वेळ शिकार करत होती. सकाळ आणि तिन्हीसांजा, याच तिच्या वेळा.

या सगळ्यानंतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा बिळं बुजवून मोजली. नांदती निघाली १७. आणखी आठवड्यानं ११. त्यानंतर आकडा खाली जाईना. ही ११ बिळं ओढ्याकडच्या कोपऱ्यात होती, तिथं शेजारी पडीक रान आहे. ओंबी भरत आलेली. आता काय करायचं?

मी झिंक फॉस्फाईड वापरलं. हे लपवून काय उपयोग? पण कृषी सहायकांना बोलावून, त्यांच्या समोर. आधी दोन दिवस नुसता भरडा आणि गोडं तेल बिळात टाकलं, उंदरांना चव लागावी म्हणून. मग ९६ भाग भरडा, २ भाग तेल, २ भाग औषध, काठीनं कालवून. हातमोजे घालून, वाऱ्याकडं पाठ करून. चमचाभर आमिष कागदाच्या पुडीत, पुडी बिळाच्या आत खोल आणि तोंड मातीनं हलकं झाकून. एकही दाणा बाहेर नाही. पुढं तीन दिवस उजाडायच्या आधी बॅटरी घेऊन कोपरा चाळला, बाहेर पडलेले पाच उंदीर उचलून हातभर खोल खड्ड्यात पुरले.

त्या तीन दिवसांत मला झोप नीट लागली नाही. घरट्यात तेव्हा पिल्लं होती. रोज उजाडलं की आधी बाभळीकडं बघायचो. एक पांढरी शेपटी घरट्यात, एक पांढरा ठिपका तारेवर, असं दिसलं की मग चहा. दुसऱ्या दिवशी नर साडेआठपर्यंत दिसला नाही. मी तिकडं ओढ्यापर्यंत जाऊन आलो, जमिनीवर पांढरं काही पडलंय का बघत. परत आलो तर गडी माझ्याच नवीन थांब्यावर बसून शेपटी वरखाली करत होता. शिव्या द्याव्यात की हात जोडावेत, कळेना.

बाभळीचं राहिलं. लाकूडवाला ठरल्याप्रमाणं फेब्रुवारीत आला, टेम्पो आणि करवत घेऊन. मी म्हटलं, आता तोडू नका, घरटं आहे, पिल्लं उडाली की बघू. तो म्हणाला, "अहो, पाखरू दुसरं झाड बघंल." मी म्हटलं, पाखरू बघेल, पण आतली पिल्लं कशी बघतील? शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं या पक्ष्याला संरक्षण आहे, घरटं मोडणं गुन्ह्यात बसतं, हेही सांगितलं. बोलणं वाढलं. त्याचंही टेम्पोचं भाडं अंगावर पडलेलं. शेवटी उचलीचे दोन हजार आणि वर टेम्पोचे पाचशे असे देऊन मिटवलं. ते पैसे हातउसने घ्यावे लागले. वडील खाटेवरून ऐकत होते. एवढंच म्हणाले, "बाभळ तुझ्या आज्यानं पण विकली हुती एकदा. मग त्यानंच परत लावली." कशासाठी लावली ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात घरट्याच्या काठावर तीन पिल्लं दिसायला लागली. पिल्लू ओळखायला पुन्हा गोंधळ होतो, म्हणून सांगून ठेवतो. ते आईबापासारखं स्वच्छ पांढरं-राखी नसतं. डोक्यावर नि छातीवर मळकट तपकिरी झाक, पाठीच्या पिसांना फिकट कडा, त्यामुळं पाठ खवल्याखवल्यांची दिसते. डोळाही अजून लाल झालेला नसतो.

१६ मार्चला हार्वेस्टर आला. मशीन पहिल्या फेरीला लागलं आणि मागं गाई बगळ्यांची रांग. दोन मोठ्या घारी आल्या, साळुंक्या आल्या. आणि वर, धुरळ्याच्या थोडं बाजूला, कापशी. मोठी एक हवेत थांबलेली आणि तारेवर दोन पिल्लं तिच्याकडं तोंड करून बसलेली. तिसरं दिसलं नाही, नंतरही दिसलं नाही. हार्वेस्टरचा ड्रायव्हर पंजाबकडचा. त्यानं मशीन वळवताना वर बघितलं, मग माझ्याकडं बघून हसला. बोललो काही नाही, आवाजच तेवढा होता.

उतारा किती पडला, हे तुम्ही विचारणारच. मागच्या सालाएवढाच. ना जास्त, ना कमी. मागच्या साली वड्यांचा खर्च होता, यंदा सापळे, बांबू आणि लाकूडवाल्याचे पाचशे. मजुरी धरली तर यंदा थोडं महागच पडलं. पण सापळे आणि बांबू पुढच्या साली आहेतच. कापशीनं किती उंदीर मारले आणि पाण्यानं, सापळ्यानं, औषधानं किती, याचा हिशेब वेगळा काढता येत नाही, आणि मी तो फुगवून सांगणार नाही. एवढं सांगतो, ज्या दिवशी सकाळचे दोन तास मोजून बसलो, त्या दिवशी नरानं तीन उंदीर आणले. दुसऱ्या एका दिवशी एकही नाही. ती काही पगारी गडी नाही.

आता ज्यांना ओळखायचीय त्यांच्यासाठी थोडक्यात :

१. गव्हावर, ज्वारीवर किंवा माळावर कावळ्याएवढं पांढरं पाखरू हवेत एका जागी थांबलेलं दिसलं, तर आधी कापशीचा विचार करा.

२. हवेत थांबणारा दुसरा पक्षी खरुची. पण तो विटकरी-तपकिरी, शेपटी लांब. आपल्याकडं बहुतेक हिवाळ्यात दिसतो.

३. पांढुरका, पण पिकावरून जमिनीलगत तरंगत, डुलत जाणारा, लांब शेपटीचा आणि पंखांची टोकं काळी असलेला दिसला, तर तो भोवत्याचा नर. हेही हिवाळी पाहुणे, आपल्या नान्नजच्या माळावर दिसतात. कापशीचा काळा डाग बसल्यावर खांद्यावर दिसतो, भोवत्याचा काळा रंग पंखाच्या टोकाला.

४. राखी पाठ, लाल डोळा, पण छातीवर रेघा आणि शेपटीवर पट्टे, आणि झाडीत लपून बसलेला, तर शिक्रा. माझ्यासारखं करू नका.

५. फोटो नीट आला नाही तरी चालेल. कुठं बसली, कशी उडाली, शेपटीचं काय केलं, एवढं वहीत लिहून ठेवा. त्यावरून जाणकार सांगू शकतो.

आणि औषध टाकायच्या आधी बिळं बुजवून मोजा. ६४ बिळांना औषध घालणं आणि २९ ला घालणं यात फरक आहे. ११ ला घालणं आणखी वेगळं.

कालच धनगर मामा परतीच्या वाटेवर भेटले. मी सांगितलं की तुमची कापशी पुस्तकातही कापशीच निघाली. ते म्हणाले, "मग पुस्तकवाल्यानं आमच्यावानी कुणालातरी इचारलं असंल." गूळ-पाणी घेतलं आणि गेले.

तुमच्या भागात हिला काय म्हणतात ते जरूर कळवा. विदर्भात, खानदेशात, कोकणात वेगळं नाव असेल तर मला वहीत उतरवून ठेवायचंय. आणि यंदा कुणी बांधावरची बाभळ विकली असेल, तर तोडायच्या दिवशी एकदा शेंड्याकडं नजर टाका.